पुन्हा पाठवलेलं

पाकीट म्हटलं की उदगीरच्या मोंढ्यात
माणसं टेबलाखाली बघतात.
माझी पाकिटं वेगळी. अडीच लाख आहेत
एका फाइलीत, आणि एकातही रुपया नाही.

चिद्रे डाळ मिलचा प्रिंटर अडकायचा,
म्हणून ऑफिसातल्या स्विचला मी एक डबी लावली होती,
जाणारं-येणारं सगळं ऐकून लिहून ठेवणारी.
प्रिंटर सुधारला. डबी काढायची राहिली.
तिच्यावर तुरीची चुरी बसली,
मागच्या बाजूला कुंभारमाशीनं मातीचं घर केलं,
आणि ती लिहीतच राहिली.

सतरा तारखेची रात्र उघडली.
त्या रात्री एकाच ट्रकचं वजन तीनदा नोंदलं गेलं,
तीनदा पैसे गेले,
आणि काट्यावरच्या हणमंत बिरादारला शेठनी
सकाळी गेटाबाहेर काढलं.
मी काईच केलो नाही सायेब, म्हणत होता म्हणे.
गेटवर म्हणाला, ऑफिसच्या पायरीवर म्हणाला,
मग काट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहून म्हणाला.
ट्रकच्या काट्यावर माणूस साठ भरतो किंवा सत्तर,
मधला भरत नाही.

फाइलीत आधी सगळं विस्कटलेलं.
तिसरं पाकीट पहिल्याच्या आधी आलेलं,
अर्धं वाक्य प्रिंटरच्या बडबडीत घुसलेलं,
मध्येच शेठच्या पुतण्याचा मोबाइल
केस उगवून देणाऱ्या दवाखान्याचा पत्ता विचारतो.
पुढचं कुलूपबंद. उघडता आलं असतं तरी
मी उघडलं नसतं.
बाजूला सारत गेले एकेक.
खडे नव्हेत ते,
दुसऱ्यांच्या घरच्या डाळी.

उरले ते क्रमांकानं लावले.
मग रात्रीचे दोन अकरा वाजले,
गेलेली लाइट आली, मोटारी धरल्या,
आणि बोलणं ऐकू आलं:

आहेस का?
आहे. तू?
आहे. चौदा हजार दोनशे साठ.
लिहिलं.
चौदा हजार दोनशे साठ.
लिहिलं.
चौदा हजार दोनशे साठ.
लिहिलं.

कितीदा वाचलं मी हे.
पहिल्यांदा वाटलं काटा खुळा झालाय,
नंतर वाटलं कॉम्प्युटर.
चहा गार झाल्यावर लक्षात आलं,
माझा कान ऑफिसात होता.
तिथून ‘लिहिलं’ निघताना दिसतं,
पोचताना दिसत नाही.
पोचलं असतं तर काटा गप्प बसला असता.

शेडमध्ये गेले. वायर
मोटारीच्या केबलला सुतळीनं बांधलेली,
मधल्या जोडावर टेप नाही,
दवाखान्यातली पांढरी पट्टी.
कुणीतरी मलमासकट गुंडाळली असावी,
पिवळी पडली होती.

शेठ स्क्रीनकडे वाकून बघत राहिले.
सबा मॅडम, म्हणजे चोर कोण?
कोणीच नाही.
दोघंही खरं बोलत होते. एक शब्द वाटेत पडला.
आसं कसं? पैसे तर गेलेत की.
पैसे गेलेत, अडत्याकडे मागा,
त्याच्या वहीतही तीनदा असतील.
शेठनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.
नवी वायर किती मीटर लागंल?

साठ, म्हणाले मी. किंवा सत्तर.
बिरादारचं नाव ते घेतील म्हणून
पावती हळूहळू लिहिली.
तारीख लिहिली, खाली रेघ मारली,
रेघेवरून पुन्हा एक रेघ मारली.

मग देवणी रोडच्या हॉटेलात बसून
मीच फोन लावला.
वाजला. उचलला नाही.
नंबर अनोळखी, उचलेल कशाला,
बारा दिवसांत कुणाकुणाचे आले असतील.

उत्तर आलं नाही तर यंत्र काय करतं
ते मला ठाऊक आहे.
एक सेकंद थांबतं, पुन्हा पाठवतं.
मग दोन थांबतं.
मग चार.
पोऱ्यानं कप उचलला, फडकं मारलं,
अजून एक आणू का म्हणाला.
आण.
आठ.